नंबर पडण्याआधीची गाडी

दसऱ्याच्या सकाळी तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही व्यापारी गाड्यांच्या शोरूमसमोर थोडा वेळ थांबावे. झेंडूच्या माळा घातलेल्या पिकअप ओळीने उभ्या असतात, चाकांखाली लिंबे ठेवलेली असतात, घरची मंडळी हळदकुंकवाचे ताट घेऊन तयार असतात आणि सेल्समन एका फळीला कागद लावून ‘इथे एक सही, इथे एक’ करत फिरत असतो. त्या कागदांत एक ओळ हमखास असते: गाडी तपासून, सुस्थितीत ताब्यात घेतली. तपासायला मिळालेला वेळ मात्र नारळ फुटेपर्यंतचा. घाई वाईट हे सगळेच सांगतात. माझे म्हणणे त्याच्या जरा पुढचे आहे. त्या दिवशी मालकाला अगदी चार तास निवांत दिले, तरी त्या तपासणीचा उपयोग थोडाच, कारण गाडी तोवर त्याच्या नावावर चढलेली असते. तपासायची गाडी ती नंबर पडण्याआधीची. शोरूमच्या दारातली नव्हे, गावाबाहेरच्या यार्डात धूळ खात उभी असलेली.

हे कसे झाले ते कायद्यात स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो. अधिकृत विक्रेत्याकडची गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर उभी करावी लागत नाही, आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय ती मालकाच्या ताब्यात देता येत नाही. हेतू चांगलाच होता. मालकाचे खेटे वाचले, बिननंबरी गाड्या रस्त्यावर फिरणे कमी झाले. पण याचा दुसरा अर्थ असा, की ज्याला आपण ‘डिलिव्हरी’ म्हणतो त्या क्षणी कर भरून झालेला असतो, विमा उतरलेला असतो, बँकेने पैसे सोडलेले असतात आणि सरकारी दप्तरी तुम्ही पहिले मालक झालेले असता. तेव्हा दोष सापडला आणि गाडी परत केली, तर विक्रेत्याच्या हाती उरते ती नोंद झालेली, म्हणजे व्यवहारात जुनी गाडी. ती तो सुखासुखी परत घेणार नाही. दोष आदल्या आठवड्यात यार्डात सापडला असता, तर त्याच मॉडेलची शेजारची गाडी पुढे काढणे एवढेच काम होते. (नुसती चेसिस आणि केबिन घेऊन हौदा बाहेर बांधून घेणाऱ्यांचा मार्ग वेगळा. त्यांना आरटीओची पाहणी चुकत नाही.)

पिकअपचा इतिहास सांगितल्याशिवाय असा लेख पुरा होत नाही म्हणतात, म्हणून थोडक्यात: फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीला कारखान्यातच हौदा बसवून विकायला सुरुवात केली, आपल्याकडे टाटांची टाटामोबाइल १९८८ मध्ये आणि ‘छोटा हाथी’ २००५ मध्ये आला, महिंद्राच्या पिकअपने नारायणगावच्या टोमॅटोपासून पिंपळगावच्या द्राक्षांपर्यंत सगळे वाहिले. झाला इतिहास.

मुद्दा ‘नवी’ या शब्दाचा आहे. न चाललेली गाडी म्हणजे नवी, असे आपण धरून चालतो. पण उभी गाडीही म्हातारी होते. बॅटरी हळूहळू उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की कायमची कमजोर होते. एकाच जागी भार पेलून टायर तळाशी चपटतात, ब्रेकच्या ड्रमवर गंज धरतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. सणांच्या तोंडावर साठा किती साचतो याची कल्पना हवी असेल तर २०२४ चा सप्टेंबर आठवावा. विक्रेत्यांच्याच संघटनेने तेव्हा प्रवासी गाड्यांचा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीएवढा झाल्याचे सांगितले होते. ही सरासरी झाली. सरासरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एखादी कुणाच्या तरी दारात येतेच. आणि निर्मितीच्या तारखेची किंमत केवळ गंजापुरती नसते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी थांबवली, तेव्हा देशभर सुमारे आठ लाख गाड्या विक्रेत्यांकडे आणि कंपन्यांकडे अडकल्या होत्या. कालपर्यंत एक रुपया न सोडणारी शोरूम पुढचे दोन दिवस मोठमोठ्या सवलती जाहीर करत होती. गाड्या त्याच होत्या, बदलले होते फक्त कॅलेंडर.

म्हणून तपासणीची सुरुवात रंगापासून करू नये, तारखांपासून करावी. या तारखा वाचणे हा मला या विषयातला सगळ्यात रसाळ भाग वाटतो, कारण गाडी स्वतःचे वय डझनभर ठिकाणी लिहून ठेवते आणि त्यातले बरेचसे पुसणे कुणाच्या हातात नसते. पहिली जागा चेसिस क्रमांकाची. हा १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची: एमए१ म्हणजे महिंद्रा, एमएटी म्हणजे टाटा, एमबी१ म्हणजे अशोक लेलँड. दहावे अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचे असते. २०१० ला ए, तिथून पुढे मोजत २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. मधली काही अक्षरे गाळलेली असल्याने बोटावर मोजताना चुकायला होते. महिन्याची खूण कुठे असते ते कंपनीगणिक बदलते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार निर्मितीचा महिना गाडीवर कोरणे बंधनकारक आहे, तेव्हा विक्रेत्याला ‘महिना कुठे कोरलाय ते दाखवा’ असे सरळ विचारता येते. पिकअपच्या बाबतीत हा क्रमांक चौकटीच्या लोखंडावर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, आणि उमटलेला छाप कंपनीच्या फॉर्म २२ शी आणि बिलाच्या कच्च्या प्रतीशी अक्षर अक्षर ताडायचा. फोटोत एखादा आठ तीनसारखा दिसू शकतो, पेन्सिलीच्या छापात ती चूक सहसा होत नाही.

दुसरी जागा टायरची. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा, साधारण ऑगस्ट. गंमत अशी की हे चार आकडे बरेचदा टायरच्या एकाच अंगावर असतात आणि ते अंग आतल्या बाजूला गेले असेल तर गाडीखाली आडवे व्हावे लागते. टायरची तारीख गाडीच्या महिन्याच्या थोडी आधीची असणे रास्त. चारपैकी एकच टायर गाडीनंतर जन्मलेला असेल, तर तो का बदलला याचे उत्तर मिळाले पाहिजे. पाचवा टायर स्टेपनीचा. हा शब्द आपण इतका आपला केला आहे, की तो वेल्समधल्या एका रस्त्याचे नाव आहे हे सांगितले तर खरे वाटत नाही. लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढले. पुढे ते नाव त्यांच्या देशात विसरले गेले आणि आपल्या प्रत्येक गॅरेजात राहिले. पिकअपची स्टेपनी बहुधा हौद्याखाली टांगलेली असते, कुणी वाकून पाहत नाही, आणि म्हणूनच यार्डात अदलाबदल करायला ती सगळ्यात सोयीची.

पुढे काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात निर्मात्याची खूण आणि वर्ष-महिन्याचे आकडे किंवा ठिपके असतात. ठिपक्यांची भाषा प्रत्येक कारखान्याची निराळी, पण ती यायची गरजच नाही. सगळ्या काचा एकमेकींसारख्या आहेत ना, एवढेच पाहायचे. एकच वेगळी असली तर ती नंतर बसवली आहे. सीटबेल्ट पूर्ण ओढला की मुळाशी शिवलेली तारखेची पट्टी दिसते. आणि सगळ्यात सुरेख खूण प्लॅस्टिकच्या भागांच्या मागच्या बाजूला सापडते. नाण्यापेक्षा लहान वर्तुळ, कडेने एक ते बारा आकडे, मधोमध वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. साच्यातच कोरलेले हे इवलेसे घड्याळ भाग ओतताना आपोआप उमटते. एका बंपरवरचे घड्याळ बाकी गाडीच्या सहा महिने पुढे असेल, तर तो बंपर का बदलला हे सांगायला पंचनाम्याची गरज उरत नाही.

हे सारे कुणाला शंकेखोरपणाचे वाटेल. त्यांच्यासाठी गोव्यातला एक खटला पुरेसा आहे. तिथल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली मोटार २००९ ची निघाली. ती सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली होती, खालच्या बाजूला गंज होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. कंपनीला या प्रकाराची माहिती होती असे सिद्ध न झाल्याने ती सुटली, आणि जबाबदारी राहिली ती विक्रेत्यावर. दहा वर्षे! जी गोष्ट दहा मिनिटांत वाचता आली असती, तिच्यासाठी.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: वॉरंटी आहे ना? आहे, पण ती काय देते हे सर्वोच्च न्यायालयानेच २००६ मध्ये एका मोटारीच्या क्लचच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. वॉरंटीच्या अटींत सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे येते, म्हणून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. पिकअपच्या बाबतीत तर वॉरंटी आणखी तोकडी पडते. भाग फुकट मिळेल, पण गाडी वर्कशॉपात उभी असलेल्या दिवसांचे भाडे कुणी देत नाही आणि हप्ता त्या दिवसांचाही चालू असतो. ग्राहक आयोगाचा आधारही सगळ्यांना सारखा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बाहेर राहते. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर आत येते. स्वतः चालवणाऱ्या मालकाला दार उघडे आहे, दहा पिकअप ड्रायव्हरांच्या हाती देणाऱ्याला ते उघडेल याची खात्री नाही.

दुसरा आक्षेप असा, की विक्रेता स्वतःच डिलिव्हरीपूर्व तपासणी करतो, त्याची छापील यादी असते. असते, आणि चांगली असते. तेलपाणी, दिवे, हवा, नटबोल्ट हे सगळे त्यात येते. पण ती यादी ‘गाडी चालते का’ एवढेच विचारते. ‘ही गाडी आजवर कुठे होती’ हा प्रश्न विक्रेता स्वतःला विचारणार नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: पहिल्या आठवड्यात जिच्यात सिमेंट आणि जनावरे भरायची, तिच्या रंगावरचे ओरखडे काय मोजायचे? हे मला शंभर टक्के मान्य आहे. हौद्याच्या आतल्या ओरखड्यांवर एक मिनिटही घालवू नये. मोटार तपासण्याच्या सवयीने पिकअप तपासणारे इथेच फसतात. केबिन चकाचक पाहून खूश होतात आणि गुडघे टेकत नाहीत. पाहायचे ते खाली असते. चौकटीचे दोन लांब दांडे कुठे दबलेले, नव्याने वेल्ड केलेले किंवा मध्येच ताज्या काळ्या रंगाने रंगवलेले नाहीत ना. ट्रेलरवर साखळदंडांनी बांधून आणलेल्या गाडीची चौकट आणि ॲक्सल बांधाच्या जागी मार खातात. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट दोन्हीकडे सारखे कसलेले आहेत का, पाट्यांचा सेंटर बोल्ट सरकलेला नाही ना. बऱ्याच मॉडेलांत मागच्या ॲक्सलपासून चौकटीपर्यंत एक बारीक दांडी जाते. भार किती आहे ते ओळखून मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह तिच्यावर चालतो. ती वाकली असेल तर रिकाम्या गाडीत काही कळत नाही, घाटात माल भरल्यावर कळते. फाळका उघडून पुन्हा लावावा. दोन्ही खिट्ट्या हात न मारता बसल्या पाहिजेत. हौदा तिरका बसला असेल तर पहिली कुरकुर फाळकाच करतो. रिकाम्या गाडीची ही पाहणी भारवाहू गाडीची खरी परीक्षा नव्हे, हेही खरे आहे. भरून पाहण्याची सोय कुणी देत नाही, म्हणून तर निदान जे नुसत्या डोळ्यांना दिसते ते सोडू नये.

राहिला शेवटचा आक्षेप: विक्रेता यार्डात जाऊच देत नाही, ‘तुमच्यामागे वीस जण थांबलेत’ म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. अशा गर्दीच्या दिवसांत ग्राहकाचे बळ कमी असते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बळ मुळीच नसते असेही नाही. बुकिंगच्या पावतीवरच ‘नोंदणीपूर्वी चेसिस क्रमांक कळवून गाडी दाखवावी’ ही ओळ लिहून घ्यावी आणि कर्जाची उरलेली रक्कम त्यानंतरच सोडायला बँकेला सांगावे. मुहूर्त दसऱ्याचा असला तरी पाहणी पितृपक्षात करायला कोणतेच शास्त्र आड येत नाही. उलट यार्डात तेव्हा गर्दी कमी असते.

आणि आठ-दहा महिने उभी असलेली गाडी निघालीच, तर ती नाकारलीच पाहिजे असे मी म्हणणार नाही. कमी किमतीत तीच गाडी फायद्याची ठरू शकते. फक्त सवलत बिलावर आकड्यांत दिसावी, निर्मितीचा महिना बिलावर लिहिलेला असावा, वॉरंटी ताबा घेतल्याच्या तारखेपासून मोजली जाईल हे लेखी मिळावे, बॅटरी नवी बसवावी आणि पाचही टायर तारीख पाहून बदलून घ्यावेत. पाच म्हणताना पाचच मोजावेत. विक्रेत्याच्या हिशेबात हौद्याखालचे चाक बऱ्याचदा धरलेले नसते.