पेरणीपूर्वीची लस

हिवतापाच्या लसीच्या खर्चाचा विषय निघाला की प्रथम कुपीची किंमत पुढे केली जाते. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लसीचा डोस २ ते ४ डॉलरांत मिळतो, ही खरोखरच समाधानाची गोष्ट आहे. परंतु पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या सिकासो प्रांतात, पावसाळा तोंडावर आला असताना, एका आरोग्यकेंद्रातून लसपेटीबरोबर खेड्यापर्यंत गेल्यावर त्या किमतीपलीकडे केवढा जमाखर्च पसरलेला असतो, याची मला प्रचीती आली.

पहाटे परिचारिकेने आइसपॅक बाहेर काढले, पण लगेच पेटीत भरले नाहीत. एकेक कानाशी हलवून, आत पाणी खळखळेपर्यंत ती थांबून राहिली. कारण कडक गोठलेल्या बर्फाला कुपी भिडली तर लसही गोठते व निकामी होते. उष्म्याचे भय सर्वांना ठाऊक असते, गोठण्याचे फार थोड्यांना. या निष्णात प्रतीक्षेसाठी हिशेबाच्या वहीत रकाना नव्हता. इंधन, चालकाचा भत्ता आणि दवंडीवाल्याचा मेहनताना यांची मात्र रीतसर नोंद होती.

मालीने एप्रिल २०२५ पासून पहिले ३ डोस वयानुसार व पुढील २ डोस मे-जूनमध्ये देण्याची पद्धत मुक्रर केली. मालीतीलच बुगुनी आणि शेजारच्या बुर्किना फासोतील हुंडे येथे २०१७ पासून सुमारे ६,००० बालकांवर झालेल्या अभ्यासात, आधीच्या आरटीएस,एस लसीला पावसाळी प्रतिबंधक औषधाची जोड दिल्यावर, नुसत्या औषधाच्या तुलनेत हिवताप सुमारे ६३ टक्क्यांनी घटला होता. डोसानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत संरक्षण सर्वाधिक असते, म्हणून ही मोसमाची निकड. पण तिच्यामुळेच एरवी वर्षभर विखुरणारे काम मोजक्या आठवड्यांत दाटते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कापसाच्या व मक्याच्या पेरणीची घाई उडते.

पाठीशी बाळ बांधून आलेली एक आई कार्डावर नोंद होताच शेताकडे वळली. तिचा बुडालेला अर्धा दिवस मी खर्चातच धरतो. दुपारी परिचारिकेने यादी पडताळली, तेव्हा न आलेल्या मुलांची नावे बहुधा दूरच्या वस्त्यांतली निघाली. त्यांच्यासाठी दुसरी फेरी हवी होती, आणि मंजूर इंधन एकाच फेरीचे होते. ही दुसरी फेरी अंदाजपत्रकात आरंभीच मंजूर असली पाहिजे, कारण पाऊस लागल्यावर त्या वस्त्यांकडे मोटारसायकल जात नाही.