दुकानाआधीचा जमाखर्च

ऑनलाइन दुकान काढू म्हणणाऱ्याची पहिली धाव बहुधा नाव, बोधचिन्ह आणि छायाचित्रे यांकडे असते. परंतु कुडाळ तालुक्यात, कोकमाचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका दांपत्याच्या ओसरीवर जी तजवीज मी जवळून पाहिली, तीत यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही. पुढ्यात एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि अर्धी कोरी वही होती; आणि काय विकावे, कोणास विकावे व विकून हाती काय उरावे, या तीन प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत संकेतस्थळावर एक पैही खर्चायची नाही, असा गृहस्वामिनीचा दंडक होता.

माल तीन प्रकारचा: आमसुले, आगळ आणि फणसाचे तळलेले गरे. आगळ बाटलीतले, म्हणून जड. शिवाय वाटेत बाटली फुटली तर शेजारच्या पुड्याही जायच्या. गऱ्यांना असे भय नव्हते, आणि खपाविषयीही शंका नव्हती. परंतु कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक त्यावर भाडे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून गुणाकारास सामान्यतः ५००० ने भागले की आकारमानी वजन किलोत निघते. गरे चुरू नयेत म्हणून घेतलेले खोके ३०, २५ आणि २० सेंटिमीटरांचे भरले. गुणाकार १५,०००, भागाकार ३. बाई वहीवरून मान वर करून म्हणाल्या, "अहो, गऱ्यांचा वजन अर्धो किलो, नि भाडा तीन किलोचा?" गरे तेथेच बाद झाले, त्यांची रवानगी पूर्ववत बाजारपेठेतल्या दुकानांत.

उरली आमसुले. मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली रातांब्याची ही साल पिशवीत घट्ट बसते आणि दीर्घकाळ टिकते. मात्र रातांबे उन्हाळ्यात पिकतात आणि साल पावसापूर्वी वाळावी लागते, म्हणजे फळ, मीठ व मजुरी यांचा पैसा दोन महिन्यांत जातो आणि वर्षभर थोडाथोडा परततो. हे अडकून पडणारे भांडवल वहीच्या पहिल्या पानावर, नफ्याच्या रकान्याआधी, मांडले गेले.

मग एका पुडीचा हिशेब. विक्री ३०० रुपये, माल १५०, वेष्टन २०, भाडे ७०, वसुलीचे शुल्क ६, शिल्लक ५४. यजमानांस तेवढ्यावर समाधान वाटले, पण बाईंनी पुढचा प्रश्न टाकला: पैसे पार्सल पोचल्यावर घ्यायचे ठरवले आणि दहांपैकी दोन गिऱ्हाइकांनी दारातूनच ते परत धाडले तर? जाण्यायेण्याचे भाडे १४० आणि वाया गेलेले वेष्टन २०, असे प्रत्येकी १६०. आठ पुड्यांच्या ४३२ रुपयांतून ३२० वजा जाता दहा पार्सलांमागे उरले ११२. याउलट दोन पुड्या एकत्र पाठवल्या तर वेष्टन २५, भाडे १०० व शुल्क १२ धरूनही १६३ रुपये सुटत होते. पैसे आगाऊ आणि मागणी किमान दोन पुड्यांची, हे दोन नियम या बेरीज-वजाबाकीतून ठरले.

कायद्याचा मामला उरला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी त्यांच्यापाशी होतीच. परंतु ऑनलाइन व्यापारासाठीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते, तेव्हा सगळे घर रातांबे फोडण्यात गुंतलेले असताना हा जिम्मा कोणाचा, हेही वहीत नावानिशी लिहिले गेले.

संकेतस्थळ तूर्त लांबणीवर पडले. मुंबई-पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडून फोनवर मागणी घेऊन हेच दर एक हंगाम पडताळायचे, असे ठरले. दुकान थाटू पाहणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे करावे: आपला माल खोक्यात भरून, मोजून, त्याचे भाडे विचारून यावे, आणि परत आलेल्या पार्सलाचा खर्च विक्रीआधीच खर्ची टाकावा.