ठासणीच्या बंदुकीचा गोळीसाचा : अडीचशे वर्षांचा मागोवा

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून आत जातात आणि गजाने ठासली जातात. त्यामुळे गोळी नळीत विनासायास उतरेल इतकी लहान हवी, आणि दारू पेटल्यावर निर्माण होणारा वायू तिच्या कडेने निसटणार नाही इतकी घट्टही हवी. या दोन अटींचा मेळ घालणारे अवजार म्हणजे गोळीचा साचा. घरच्या चुलीवर शिसे वितळवून गोळ्या ओतण्याची रीत अमेरिकेत 18व्या शतकात घरोघरी होती आणि छंद म्हणून ती आजही टिकून आहे. या काळात साच्यांचे धातू, आकार आणि घडण बदलत गेली. निवडीचा पाया मात्र तोच राहिला. साचा नळीवरून ठरतो.

18व्या शतकातील लष्करी बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. ब्रिटिश सैन्याच्या ‘ब्राउन बेस’ या बंदुकीची नळी सुमारे 0.75 इंच व्यासाची, तर तिची गोळी सुमारे 0.69 इंचाची होती. भराभर ठासता यावे म्हणून एवढी मोकळीक ठेवलेली असे आणि नेमबाजीच्या अचूकतेवर पाणी सोडलेले असे. अशा गोळ्यांसाठी एका वेळी अनेक गोळ्या पडतील असे लांबट पितळी साचे वापरत. संगजिऱ्याच्या मऊ दगडात खाचा कोरून केलेले साचेही प्रचारात होते. हा दगड सहज कोरता येतो आणि वितळलेल्या शिशाच्या उष्णतेने तडकत नाही.

घरगुती ओतकामाचे त्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण कनेक्टिकट वसाहतीतील लिचफील्ड गावचे आहे. 9 जुलै 1776 रोजी न्यू यॉर्कमधील राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा जमावाने पाडला. त्याचे तुकडे लिचफील्डला ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी पोहोचले आणि घरातल्या व शेजारच्या स्त्रियांनी, मुलांनी त्यांच्या गोळ्या ओतल्या. कोणी किती गोळ्या केल्या याचा हिशेब लिहून ठेवलेला आहे. वोलकॉटांची मुलगी मेरी अ‍ॅन हिच्या नावावर 10,790 गोळ्या आहेत, तर वयाची दहा वर्षेही न भरलेला त्यांचा मुलगा फ्रेडरिक याच्या नावावर 936. एकूण बेरीज 42,088 होते. पळी, चूल आणि साचा एवढ्या साधनांवर सामान्य कुटुंब काय करू शकत होते, हे या आकड्यावरून कळते.

याच काळात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत होते. या नळ्यांना आतून पीळदार आटे पाडलेले असत, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई. प्रत्येक नळी हाताने घडवलेली असल्याने दोन रायफलींचा व्यास क्वचितच तंतोतंत जुळे. म्हणून कारागीर रायफलीबरोबर तिच्याच मापाचा साचाही देत असे. हा साचा कात्रीसारखा दोन दांड्यांचा असे. दोन अर्धे मिटले की मधे एका गोळीची पोकळी तयार होई. ओतताना तोंडाशी उरलेला शिशाचा खुंट छाटण्यासाठी अनेकदा दांड्यांमध्येच धार केलेली असे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान ठेवत आणि चरबी लावलेल्या कापडी चिंधीत गुंडाळून ठासत. आट्यांमध्ये रुतण्याचे आणि वायू अडवण्याचे काम ती चिंधी करी. आजही हाच नियम चालतो. 0.50 इंची नळीसाठी बहुधा 0.490 इंचाचा साचा घेतात आणि उरलेली जागा चिंधीच्या जाडीने भरून काढतात. या मापाची शुद्ध शिशाची गोळी सुमारे 177 ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. एका पौंडात अशा सुमारे 40 गोळ्या होतात.

19व्या शतकाच्या पूर्वार्धात गोल आकाराच्या मर्यादा जाणवू लागल्या. गोल गोळीचा वेग हवेत लवकर कमी होतो. लांबट, टोकदार गोळी तो अधिक काळ टिकवते, पण तोंडातून ठासताना ती थोडी जरी तिरकी बसली तरी नेम चुकतो. पुढे दुर्बिणीच्या भिंगांसाठी ख्याती मिळवलेल्या अल्वन क्लार्क यांनी 1840 साली यावर एका उपायाचे पेटंट घेतले. नळीच्या तोंडावर बसवायचा एक सुटा तुकडा त्यांनी योजला. गोळी सरळ बसवून झाली की तो काढून ठेवायचा. निशाणेबाजीच्या स्पर्धांमध्ये हा उपाय रुजला. रणांगणावर मात्र एवढी सवड नव्हती.

ती अडचण फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांच्या 1849 च्या गोळीने सोडवली. तिचा बुडाकडचा भाग पोकळ होता. नळीत ती सैल उतरे आणि दारू पेटली की बूड फुगून आट्यांत घट्ट बसे. मिनिए यांनी बुडाच्या पोकळीत लोखंडी वाटी बसवली होती. अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारातील जेम्स बर्टन यांनी वाटी काढून टाकली आणि पोकळीचा आकार सुधारून गोळी सोपी केली. 1855 साली अमेरिकी सैन्याने 0.58 इंची रायफलीबरोबर ती स्वीकारली. या गोळीमुळे साच्याला तिसरा भाग आला. दोन अर्ध्यांच्या मधे बुडाकडून एक खुंटी बसवावी लागते आणि तिच्याभोवती शिसे ओतले जाते. खुंटी थंड असेल तर गोळीच्या पातळ कडेला सुरकुत्या पडतात किंवा एका बाजूला पोकळ फट राहते. अशी गोळी सारखी फुगत नाही, म्हणून ती पुन्हा वितळवण्याच्या भांड्यात जाते.

ब्रिटिश एन्फील्ड रायफलही याच तत्त्वावर चाले. तिच्या कागदी काडतुसाच्या गोळीकडील टोकाला वंगण लावलेले असे आणि काडतूस दातांनी फोडावे लागे. त्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याच्या वार्तेने हिंदुस्थानात 1857 चा भडका उडाला. गोळीच्या घडणीत वंगणाला किती महत्त्व होते, हेही त्यातून दिसते.

रिव्हॉल्व्हरचा हिशेब उलटा होता. कोल्ट कंपनीच्या पेटीत रिव्हॉल्व्हरबरोबर बहुधा दोन पोकळ्यांचा साचा येई, एक गोल गोळीसाठी आणि दुसरी टोकदार गोळीसाठी. येथे गोळी फिरत्या चक्रातील घरापेक्षा किंचित मोठी लागते. ठासताना तिच्या कडेचे शिसे कड्यासारखे सोलून निघाले, तर ती घट्ट बसली असे समजतात.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर मागून भरण्याच्या बंदुका आल्या आणि ठासणीची बंदूक मागे पडली. साच्यांचा धंदा मात्र वाढला, कारण धातूची काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्यांनाही गोळ्या लागत होत्या. जॉन बार्लो यांनी 1884 साली कनेक्टिकटमध्ये आयडियल कंपनी सुरू केली. तिने साच्यांना क्रमांक देऊन माहितीपुस्तिका छापल्या. 1925 साली ही कंपनी लायमनने विकत घेतली. बंदुकीबरोबर येणारा साचा आता यादीतून निवडायची वस्तू झाला, आणि निवडीची जबाबदारी कारागिराकडून ग्राहकाकडे आली.

ठासणीच्या बंदुकीचे पुनरुज्जीवन 1931 साली ओहायोतील पोर्ट्समथ येथे भरलेल्या स्पर्धेपासून मोजले जाते. 1933 मध्ये या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप हे गाव तिचे केंद्र बनले. 1954 साली टर्नर कर्कलंड यांनी टेनेसीत डिक्सी गन वर्क्स काढून जुन्या पद्धतीच्या बंदुका व साहित्य टपालाने पुरवायला सुरुवात केली. 1970 साली थॉम्पसन/सेंटर कंपनीची ‘हॉकन’ रायफल बाजारात आली. तिच्या आट्यांचा एक पूर्ण फेरा 48 इंचांत होई. हा पीळ तडजोडीचा होता, म्हणजे गोल आणि लांबट दोन्ही गोळ्या त्यातून बऱ्यापैकी चालत. निव्वळ गोल गोळीसाठी 60 ते 70 इंचांत एक फेरा असा सावकाश पीळ चांगला, तर लांबट गोळीला 28 ते 32 इंचांचा जलद पीळ मानवतो. त्यामुळे नळीच्या व्यासाइतकाच तिचा पीळही साचा ठरवतो.

20व्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कॉन्सिनमधील ली कंपनीने ॲल्युमिनियमचे स्वस्त साचे घरोघर नेले. ॲल्युमिनियम लवकर तापते, हलके असते आणि नवशिक्याला परवडते. मात्र ते मऊ असल्याने घाईने आपटले तर कडा दबतात. लोखंडी साचा सावकाश तापतो, पण उष्णता धरून ठेवतो आणि नीट तेल लावून ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तेल न लावल्यास त्याला गंज चढतो. पितळी साचा गंजत नाही आणि सुबक गोळी देतो, पण जड असतो व महाग पडतो. पोकळ्या जितक्या जास्त, तितके उत्पादन अधिक आणि हातावरचे वजनही अधिक. घरच्या गरजेला एक किंवा दोन पोकळ्या पुरतात.

धातूची निवडही साच्याशी बांधलेली आहे. शुद्ध शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. ते मऊ असल्याने मिनिए गोळी त्याचीच हवी, कारण कडक मिश्रधातूची कड फुगत नाही. त्याच साच्यातून कडक मिश्रधातूची गोळी थोडी मोठी आणि हलकी निघते, त्यामुळे ती नळीत अडण्याची शक्यता असते. दीर्घकाळ मोटारींच्या चाकांचा तोल साधणारी भंगारातील वजने हा स्वस्त कच्चा माल होता. ती आधीच कडक असत आणि पुढे त्यांत जस्ताची वजने मिसळू लागली. जस्त शिरले की शिसे साच्यात नीट भरत नाही. 2013 च्या अखेरीस मिसूरीतील हर्क्युलेनियम येथील, खनिजापासून शिसे काढणारा अमेरिकेतील शेवटचा कारखाना बंद झाला. 1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. त्यामुळे साचा घेण्यापूर्वी शिसे कोठून मिळेल आणि गोळी कोठे वापरता येईल, याचाही विचार करावा लागतो.

आरोग्याची जाण या मागोव्यातील सर्वांत मोठा बदल आहे. लिचफील्डच्या मुलांनी ज्या शिशाला सर्रास हात लावला, त्याची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित नाही, असे आज वैद्यक सांगते. धोका मुख्यतः मळी, राख आणि हाताला लागलेल्या कणांतून पोटात जाणाऱ्या शिशाचा असतो. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफेचा स्फोट होऊन धातू उडतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, कोरड्या साच्याने, डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा लावून आणि मुलांपासून दूर करतात.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत. मात्र भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दारूगोळ्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे परवान्याशिवाय गोळ्या ओतणे हा गुन्हा ठरू शकतो. जेथे कायदा मुभा देतो तेथे आधी नळीचा व्यास मोजावा, मग आट्यांचा पीळ पाहावा, शिसे कोणते मिळणार ते ठरवावे आणि साच्याचा धातू व पोकळ्या यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम पाळून घेतलेला साधा साचा, क्रम न पाळता घेतलेल्या महागड्या साच्यापेक्षा केव्हाही चांगली गोळी देतो.