तापीकाठची सोयरीक

शिरपूरहून थाळनेरला गेलं की तापीच्या काठावर जुन्या किल्ल्याचे ढासळलेले बुरूज दिसतात आणि गावाजवळ काही घुमट. लोक त्यांना हजिरे म्हणतात. त्यातला एक अष्टकोनी आहे. त्याच्या भिंतींवरची नक्षी पाहताना पाथरवटाला घाई नव्हती हे कळतं. खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षं राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातले सुरुवातीचे राज्यकर्ते इथे पुरले आहेत. एका बाजूला माळवा, दुसऱ्या बाजूला गुजरात, खाली बहमनी आणि नंतर निजामशाही, वर दिल्ली. या चौघांच्या मध्ये सापडलेलं एवढंसं राज्य टिकलं कसं? असीरगडासारखा किल्ला हाताशी होता, हे एक उत्तर. दुसरं उत्तर लग्नांच्या यादीत सापडतं.

घराण्याची सुरुवात शिकारीच्या गोष्टीने होते. फिरोजशहा तुघलक शिकारीत सोबत्यांपासून तुटला, भुकेला झाला आणि मलिक राजा नावाच्या स्वाराने त्याला खाऊ घातलं, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. गोष्ट कितीही रंगवलेली असो, 1370 मध्ये मलिक राजाला थाळनेर आणि करवंदची जहागीर मिळाली. दोन्ही गावं आजच्या शिरपूर तालुक्यात आहेत. 1382 पासून तो स्वतंत्रपणे वागू लागला आणि पुढे त्याने माळव्याच्या दिलावरखान घोरीच्या घराशी सोयरीक जुळवली. नव्या राजाला शेजाऱ्यांनी राजा मानावं, तर त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार हवा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 1399 मध्ये तो वारला आणि थाळनेरलाच पुरला गेला.

थोरला मुलगा नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर, धाकटा हसन थाळनेरला, अशी वाटणी झाली. नासिरखानाने आसा अहिराकडून असीरगड घेतला तो दग्याने. घरातल्या बायका सुरक्षित राहाव्यात म्हणून गडावर पाठवतो, असं सांगून त्याने डोल्या चढवल्या, आणि डोल्यांतून उतरले ते हत्यारबंद शिपाई. पुढे त्याने बुऱ्हाणपूर वसवलं. 1417 मध्ये माळव्याच्या हुशंगशहाची मदत घेऊन सख्ख्या भावाकडून थाळनेरही हिसकावलं. सोयऱ्यांच्या जोरावर भावाला घराबाहेर काढण्याचा हा प्रकार गुजरातच्या अहमदशहाला खपला नाही. त्याचं सैन्य चालून येताच नासिरखानाला नमतं घ्यावं लागलं.

गुजरातचं हे दडपण हलकं करायला त्याने दक्षिणेत व्याही शोधला. त्याची मुलगी आगा झैनब बहमनी शाहजादा अलाउद्दीन अहमद याला दिली. 1436 मध्ये जावई बिदरच्या तख्तावर आला आणि लेक मलिका-ए-जहाँ झाली. पण थोड्याच दिवसांत कोकणातल्या मोहिमेतून संगमेश्वरच्या राजाची मुलगी जनानखान्यात आली. सुलतानाचं मन तिच्यावर बसलं. झैनबने बापाला कळवलं. नासिरखान वऱ्हाडात घुसला. तिथले काही सरदारही त्याला मिळाले.

बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला गाठलं. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव. तिथे नासिरखान हरला, बुऱ्हाणपूरकडे पळाला. पाठलाग करणाऱ्यांनी तिथला वाडा जाळला, तेव्हा तो लळिंगला आला. लळिंगच्या परिसरात पुन्हा पराभव झाला आणि 1437 मध्ये त्याने प्राण सोडला. मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळ्यात शिरताना ज्या डोंगराकडे गाड्यांतली माणसं सहज बघतात, तिथे एका सवतीमत्सराने सुरू झालेली लढाई संपली होती. अर्थात लेकीचा अपमान हे निमित्त, वऱ्हाड हा खरा घास होता. फारुकी घराण्यातल्या मोजक्याच स्त्रियांची नावं इतिहासात उरली, त्यात झैनबचं आहे, आणि तेही भांडणामुळे.

यानंतरची पिढी सावध झाली. दुसऱ्या आदिलखानाने 1457 ते 1501 या काळात राज्य भरभराटीला आणलं, पण त्याला मुलगा नव्हता. मग भाऊ दाऊदखान गादीवर बसला. 1508 मध्ये तोही वारला, त्याच्या मुलाला काही दिवसांतच विष घातलं गेलं, आणि खानदेशात वारसाचा घोळ सुरू झाला. गादीवर हक्क सांगणारे दोघे, आणि दोघांचंही नाव आलमखान! एकाच्या पाठीशी अहमदनगरचा निजामशहा, दुसऱ्याच्या पाठीशी अहमदाबादचा महमूद बेगडा. या दुसऱ्याची आई बेगड्याची मुलगी होती. आजोबा नातवासाठी फौज घेऊन थाळनेरला उतरले आणि तिथेच दरबार भरवून त्याला गादीवर बसवलं. तो तिसरा आदिलखान. पुढे त्याचं लग्न झालं ते बेगड्याच्या मुलाच्या, मुझफ्फरशहाच्या, मुलीशी. म्हणजे मराठी घरांत चालते तशी मामाची मुलगी.

या लग्नाचा मुलगा मीरन मुहंमद 1520 मध्ये राजा झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा त्याचा सख्खा मामा. माळवा असो, चितोड असो, मामाच्या मोहिमांत भाचा बरोबर असे. फेब्रुवारी 1537 मध्ये दीवजवळ पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत बहादूरशहा मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. गुजरातच्या सरदारांनी भाच्याच्या नावाने खुतबा पढवला. तापीकाठचा राजा साबरमतीकाठच्या तख्ताचा धनी झाला होता, फक्त तिथे पोचायचं बाकी होतं. मे महिन्यात वाटेतच तो वारला.

लग्नगाठीने मुलूख कसा सरकतो याची उदाहरणं मध्ययुगात जगभर सापडतात. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरांत बास्क लोकांचं पाम्प्लोनाचं राज्य होतं. तिथल्या तिसऱ्या सांचोला 1029 मध्ये कॅस्टिलवर हात ठेवता आला, कारण तिथल्या खून झालेल्या काउंटची बहीण ही त्याची बायको होती. शेजारच्या गॅस्कनीचा सांचो विल्यम 1032 मध्ये मुलगा न ठेवता गेला. त्याची बहीण ब्रिस्का अक्विटेनच्या ड्यूकला दिलेली होती, आणि पुढे गॅस्कनी अक्विटेनमध्येच विरली. तिथे मुलीच्या वाटेने आलेला हक्क उघडपणे मांडता येई. इकडे सुलतानशाहीत तसा लेखी नियम नव्हता. आजोबांची फौज किंवा सरदारांचा कौल पाठीशी असला तरच आजोळचं नातं गादीपर्यंत पोचवी.

मीरन मुहंमदानंतर गुजरातचं तख्त बहादूरशहाच्या पुतण्याकडे, महमूदकडे गेलं. तो तेव्हा खानदेशातच कैदेत होता. फारुकींची रीतच अशी होती की गादीवर हक्क सांगू शकतील असे आप्त गडावर कोंडून ठेवायचे. मीरन मुहंमदाचा भाऊ मुबारकही त्याच महमूदबरोबर कैद भोगून आला होता. आपण सुलतान झालो तर नंदुरबार तुला देऊ, असा शब्द महमूदने तेव्हा दिला होता म्हणतात. दोघेही आपापल्या तख्तावर बसल्यावर नंदुरबार आणि सुलतानपूर खानदेशाकडे आले.

मग मोगल आले. 1564 मध्ये अकबर मांडूला असताना मुबारकशहाने मुलगी त्याच्या जनानखान्यात पाठवली. त्याचा मुलगा राजे अलीखान याने तर आपल्या एका मुलासाठी अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलची बहीण केली. याच राजे अलीखानाने बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. तिथे अरबीच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे, विक्रम संवत 1646, शके 1511 चा. देवनागरीत राजा मलिकापासून वंशावळ उतरते: गजनी, केसरखान, हसन, एदलशाह, मुबारख आणि पुन्हा एदलशाह, म्हणजे स्वतः राजे अलीखान. आदिलचा एदल झालेला. बुऱ्हाणपूरच्या गादीवर कधीच न बसलेले केसरखान आणि हसन या यादीत आहेत, आणि चव्वेचाळीस वर्षं राज्य केलेला दुसरा आदिलखान नाही. लेखाला राजांची नव्हे, रक्ताची साखळी दाखवायची होती. स्त्री मात्र त्यात एकही नाही. ज्या आईमुळे तिसऱ्या आदिलखानाला गादी मिळाली, तीही नाही.

राजे अलीखान 1597 मध्ये गोदावरीकाठी मोगलांच्या बाजूने लढताना पडला. त्याचा मुलगा बहादूरशहा मात्र अकबरापुढे झुकेना. असीरगडाला वेढा पडला, आणि त्या मोहिमेत मोगलांकडून पुढे होता अबुल फजल, बहादूरच्या भावाचा मेहुणा. जानेवारी 1601 मध्ये गड पडला. बहादूरला ग्वाल्हेरला नेलं, अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल याच्या नावावरून खानदेशाचं दानदेश झालं.

दानियालसाठी वधू ठरली विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी. 1604 मध्ये तिची पाठराखण करत बुऱ्हाणपूरला आलेल्यांत स्वतः फरिश्ता होता. फारुकी हे खलिफा उमरचे वंशज, हा दावा खरा का, याची चौकशी त्याने तिथे केली. असीरगड पडला तेव्हा तिथल्या ग्रंथसंग्रहात वंशावळीची पोथी पाहिलेला माणूस त्याला भेटला. त्याच्याकडून ऐकलेली पिढ्यांची यादी फरिश्त्याने आपल्या ग्रंथात उतरवून घेतली, आणि खानदेशच्या या घराण्यावर लिहिणारे अभ्यासक आजही तीच यादी समोर ठेवून सुरुवात करतात.