तबल्याची शिकवणी लावताना

जून महिना आला, शाळा सुरू झाल्या, की आमच्या घरी एक प्रश्न हमखास येतो. कधी शेजारचे कोणी विचारतात, कधी कॉलेजातले सहकारी. "सर, मुलाला तबला शिकवायचा म्हणतोय. शिकवणी कुणाची लावू?" मी काही तबलजी नव्हे, पोटापाण्यासाठी पदार्थविज्ञान शिकवतो. पण लहानपणापासून तबल्यावर हात चालवीत आलो आहे आणि शिकवणीच्या बाबतीत एकदा चांगला ठेचकाळलोही आहे. तेव्हा मी त्यांनाच उलट विचारतो, "ते गृहस्थ कुणाकडे शिकले हे तुम्ही विचारलंच असेल. पण त्यांनी कुणाकुणाची साथ केली, हे विचारलंत का?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर घराण्यात असते. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब अशी तबल्याची सहा घराणी सांगतात. दिल्लीचा बाज मुख्यतः दोन बोटांचा, चाटेवरचा. लखनौ-बनारसचा हात खुला, पखवाजाच्या अंगाने जाणारा. शिक्षकाचा हात कोणत्या वळणाचा आहे, हे त्यावरून कळते.

दुसऱ्याचे उत्तर मात्र माणसाच्या आयुष्यात असते. आपल्याकडचा जुना तबलजी बहुधा एका खोलीत बसून तयार झालेला नसे. देवळातल्या भजनात तो आधी पखवाज वाजवी, डाव्या तोंडाला कणीक लावून. मग कीर्तनात बसे, मग एखाद्या नाटक कंपनीत नाट्यगीतांची साथ करी, आणि तेथून ख्यालाच्या बैठकीत येई. उस्ताद अहमदजान थिरकवाँसारखा थोर तबलावादकदेखील बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत वर्षानुवर्षे साथीला होता. गाणारा कुठे श्वास घेतो, कुठे थांबतो, कुठे तबल्याने गप्प बसायचे, हे ज्ञान वहीत उतरवून घेता येत नाही. ते अशा सोबतीनेच अंगी मुरते.

आता माझी ठेच सांगतो. शाळेत असताना माझी एका ठिकाणी शिकवणी होती. ते गुरुजी मेहनती होते, पण त्यांची सारी नजर परीक्षेवर. कायदा, पलटे, रेले, तुकडे आणि चक्रदार सगळे पाठ. मध्यमापर्यंतच्या परीक्षा मी बऱ्या गुणांनी उतरलो होतो. हात असा पळायचा की घरचे कौतुकाने पाहुण्यांपुढे बसवीत. त्या भरात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका गायिकेच्या साथीला बसलो. बाईंनी विलंबित एकतालात ख्याल सुरू केला.

एकताल बारा मात्रांचा. त्याचा ठेका असा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. नीट पाहा, ह्यात 'धागे तिरकिट' दोनदा येते. एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेला, पुन्हा नवव्या-दहाव्याला. द्रुत लयीत हे चटकन निघून जाते, चुकायला वेळच नसतो. विलंबितात एकेक मात्रा ताणलेली असते आणि एका आवर्तनाला अर्धे मिनिट, कधी त्याहूनही अधिक लागते. एवढ्या अवधीत माझे मन भरकटले. नववी-दहावी मात्रा मी तिसरी-चौथी समजलो आणि पुढे 'धी ना' ऐवजी 'तू ना' वाजवले. बाई डौलात समेवर आल्या, समोरच्या लोकांनी मान हलवली, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या हातून सातव्या मात्रेचा 'कत्' पडला!

बाईंनी रागावून पाहिले नाही. पुढच्या आवर्तनात हलकेच हाताने सम दाखवून मला सांभाळून घेतले. कोणी हसले असते तर बरे वाटले असते. तो सांभाळच मनाला जास्त लागला. पुढचे कितीतरी दिवस मी तबल्यावरचे कापड काढले नाही.

मग आमच्या गावच्या एका वृद्ध तबलजींकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी एक रेला वाजवायला लावला, ऐकून घेतला, आणि म्हणाले, "बोटं चांगली आहेत रे तुझी. कान कुठं ठेवून आलास?" पहिले दोन महिने त्यांनी तबल्याला हातच लावू दिला नाही. रेडिओवर सकाळी ख्याल लागला की हाताने ताल धरायचा आणि तोंडाने ठेका म्हणायचा. ह्याला पढंत म्हणतात. उस्ताद झाकीर हुसेन स्वतः सांगत, की ते जन्मले तेव्हा वडिलांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखाँनी, त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते. आधी कान, मग जीभ, आणि हात त्यानंतर, हाच तो क्रम.

एके दिवशी मी विचारले, "अण्णा, ती दोन 'धागे तिरकिट' ओळखायची कशी?" ते म्हणाले, "डग्गा ऐक की लेका! पहिल्याच्या पुढं तो गप्प असतो, दुसऱ्याच्या पुढं बोलतो." खरेच, 'तू ना' हे नुसत्या उजव्या हाताचे, 'धी' मध्ये मात्र डग्गा घुमतो आणि सम जवळ आल्याची वर्दी देतो. ठेका मी आठ वर्षे वाजवीत होतो, पण तो मला काही सांगतो आहे, हे तेव्हा समजले. पुढचे सहा महिने फक्त ठेके. त्यानंतर साथीला बसलो, तेव्हा कुणी माझे कौतुक केले नाही आणि कुणाला मला सांभाळावेही लागले नाही.

दुसरी गोष्ट सुराची. तबला हे नुसते लयीचे वाद्य नव्हे. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा आवाज बद्द येतो. मधल्या शाईच्या वजनामुळे ते उपस्वर सुसंवादी होतात, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली आपल्या वाद्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले. म्हणूनच तबला गाणाऱ्याच्या षड्जाला मिळवता येतो. तेव्हा हातोडी शिक्षकाच्याच हातात राहते, की कधी मुलाच्या हातातही येते, तेही पाहावे. जो मुलगा गजऱ्यावर ठोकून स्वतः सूर मिळवायला शिकला, त्याचा कान अर्धा तयार झाला.

हल्ली पडद्यावरून शिकवण्या चालतात. बोल आणि हाताची ठेवण त्यातूनही समजते. पण आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवणे जमत नाही. साथ शिकायला शेजारीच बसावे लागते. परीक्षांचेही तसेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षा ही एक चांगली शिडी आहे. परंतु शिडी म्हणजे माडी नव्हे.

तेव्हा शिकवणी लावण्यापूर्वी एक करावे. शिक्षकांची परवानगी घेऊन त्यांच्या खोलीत तासभर कोपऱ्यात बसावे. मुले बोल तोंडाने म्हणतात का? तबला सुरात लावून मगच सुरुवात होते का? पेटीवर लेहरा धरून किंवा कोणाला गायला बसवून, मुलांना साथ करायला मिळते का? आणि एखादा मुलगा चुकला, तर गुरुजी त्याच्या हाताकडे बोट दाखवतात की कानाकडे? ह्यांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर घराण्याचे नाव मोठे नसले तरी चालेल. खुशाल मुलाला तेथे बसवावे. तो पुढे मैफली गाजवील की नाही, हे कोणी सांगू नये. पण दुसऱ्याचे ऐकून घेऊन मग आपला हात चालवायचा, एवढे जरी शिकला तरी दिलेली फी वाया गेली नाही असे समजावे.