डिकीत दोन सीटा वाढवताना

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एखाद्या मराठी घरी पुण्या-नाशिकचे पाहुणे उतरले, की कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी उज्जैन, दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर, वेळ उरला तर महेश्वर. माणसं आठ-नऊ आणि दारात उभी पाच सीटांची जुनी एसयूव्ही. मग कुणीतरी तोडगा काढतं: डिकी रिकामीच तर असते, तिथे समोरासमोर दोन बाकडी टाकून घेऊ. गादीवाला आणि वेल्डिंगवाला मिळून अर्ध्या दिवसात काम उरकतील. ते उरकतातही. पण या बाकड्यांभोवती समजुती इतक्या जमल्या आहेत, की त्या एकेक करून बघायला हव्यात.

सर्वांत पक्का समज असा, की सीट म्हणजे लोखंडी सांगाडा आणि वर फोम. चार बोल्ट आवळले की झालं. गाडी बनवणाऱ्यांच्या लेखी गादी दुय्यम असते. सीट आणि तिचा पट्टा कशाला धरून आहेत, यावर त्यांचा सगळा हिशेब चालतो. पट्ट्याच्या मजबुतीसाठी संयुक्त राष्ट्रांची १४ क्रमांकाची नियमावली आहे. तिच्यानुसार मोटारीतल्या तीन बिंदूंच्या पट्ट्याची चाचणी घेताना खांद्याच्या आणि कमरेच्या भागावर प्रत्येकी १३,५०० न्यूटन ओढ दिली जाते, म्हणजे जवळपास १,३७५ किलो वजनाइतकी. ती सोसता यावी म्हणून कारखान्यात त्या जागी जाड पट्टी आधीच बसवलेली असते. बाजारातला बोल्ट बहुतेकदा नुसत्या पत्र्यातून आरपार जातो, आणि पट्टा तर अनेकदा नसतोच. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळून थांबणं हे हिशेबाने सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्याइतकं असतं. त्या क्षणी पत्रा फाटला, तर बाकडं माणसांसकट पुढच्या रांगेवर येतं.

जागा आहे म्हणजे सीट बसते, हेही तितकंसं खरं नाही. टाटांनी २०१९ मध्ये पाच सीटांची हॅरियर आणली आणि २०२१ मध्ये तिच्याच पायावर तिसऱ्या रांगेची सफारी. दोन्हींचा व्हीलबेस एकच, २,७४१ मिलिमीटर. तरी तिसऱ्या रांगेसाठी गाडी ६३ मिलिमीटर लांब आणि ८० मिलिमीटर उंच करावी लागली. ह्युंदाईने क्रेटावरून अल्काझार बेतताना व्हीलबेसच १५० मिलिमीटरने वाढवला. मोठमोठ्या कंपन्यांना जिथे गाडीचं अंगच बदलावं लागलं, तिथे टेप लावून माप घेणाऱ्या कारागिराकडून काय अपेक्षा करायची?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘मग सुमोत, बोलेरोत, स्कॉर्पिओत कंपनीच आडव्या सीटा द्यायची ना?’ द्यायची, आणि हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. १९९४ ची सुमो दहा-दहा माणसं घेऊन महाराष्ट्रभर आणि माळव्यातही धावली. पण त्या सीटा मूळ आराखड्यात होत्या, मंजुरीच्या कागदात होत्या आणि आरसी बुकात मोजलेल्या होत्या. त्या सुरक्षित होत्या का, हा प्रश्न वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या सीटवरच्या पट्ट्याची सक्ती केली ती पुढे तोंड असलेल्या सीटांपुरती. त्यावरून लोकांनी ‘आडव्या सीटला पट्टा लागतच नाही’ असा सोयीस्कर अर्थ काढला. खरं तर आडव्या बसलेल्या माणसाची कंबर पट्ट्याने धरली, तरी समोरून धडक बसल्यावर धड कुशीवर फेकलं जातं. युरोपीय संघाने २००७ पासून नव्या मोटारींतल्या आडव्या सीटांवर बंदी घातली. आपल्याकडे २०२० च्या नव्या थारची सहा सीटांची, आडव्या बाकांची आवृत्ती महिंद्राने बाजारात आणून थोड्याच काळात मागे घेतली.

या बाकड्यांवर बसतं कोण, तर मुलं. ती हलकी असतात, पुढे मोठ्यांची रांग असते, म्हणून ती मागे सुरक्षित, असं मानलं जातं. लहान मुलांची खास सीट आडव्या बाकावर बसवताच येत नाही. मागून ट्रकने ठोकरलं तर मूल आणि ट्रक यांच्यामध्ये एका दरवाजाचा पत्रा आणि काच एवढंच उरतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे, तो वेगळाच.

कायद्याबद्दलचा घोळ याहून मोठा. ‘आरटीओत फी भरली की सीटा वाढवून मिळतात’ असं छातीठोकपणे सांगणारे इंदूरमध्ये कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीत उतरलेला तपशील मालकाला बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवताना हेच स्पष्ट केलं. सीएनजी किटसारख्या बदलांना परवानगीची वाट आहे. बैठक क्षमता वाढवायला ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा माणसामागे २०० रुपये हा दंड प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी आहे. घरच्या गाडीत बाकडं ठोकणारे तोच आपल्याला लागू धरून निर्धास्त असतात.

उलट टोकाचाही गैरसमज आहे: सीटला हात लावला की गुन्हा. आरसीवर ड्रायव्हर धरून सात असा आकडा असेल आणि आधीच्या मालकाने मागच्या घडीच्या सीटा काढून ठेवल्या असतील, तर कंपनीच्या मूळ सीटा मूळ जागी, मूळ पट्ट्यांसह पुन्हा बसवायला काहीच हरकत नाही.

विम्याचं काय? काहींच्या मते जादा माणूस बसला की विमा संपला, तर काहींच्या मते सगळ्यांना भरपाई मिळतेच. ४२ प्रवाशांच्या बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मधली वाट काढली. विमा कंपनीने सर्वांत मोठ्या ४२ भरपाया भराव्यात, ती रक्कम सगळ्या दावेदारांत वाटली जावी आणि उरलेली मालकाकडून वसूल व्हावी. म्हणजे जादा सीटांचा भार शेवटी मालकावरच येतो.

‘जुनं लोखंड आहे, ओढेल’ यावर फार बोलायला नको. चार माणसं साठ किलोंची धरली तरी २४० किलो, तेही मागच्या आसापाशी किंवा त्याच्याही मागे. पुढची चाकं हलकी होतात, ब्रेकचं अंतर वाढतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरूघाट उतरताना हे ड्रायव्हरच्या हाताला कळतं. त्याच दिवसासाठी इंदूरजवळच्या पीथमपूरला बनणारी फोर्सची ट्रॅव्हलर भाड्याने मिळते, तेराच्या तेरा सीटा पुढे तोंड करून.

जुनी गाडी विकत घेतली आणि डिकीत बाकडी आधीच ठोकलेली निघाली, तर पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची वाट पाहू नये; त्या तपासणीत आरसीचा आकडा आणि आतल्या सीटा जुळाव्या लागतात. बाकडी काढल्यावर खालची बोल्टची भोकं नीट बुजवून घ्यावीत. उघडी राहिली तर पावसाळ्यात पाणी आत येतं, पत्रा गंजतो आणि सायलेन्सरचा धूरही तिथूनच गाडीत शिरतो.