कॅम्पर व्हॅनची गादी बदलताय?

ठाण्यातल्या नौपाड्यातून कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात उतरणाऱ्यांसाठी ही पोस्ट. व्हॅनमधली गादी बहुधा खालून खराब होते. श्वासाची, घामाची वाफ रात्रभर गादीत मुरते, गार फळीवर तिचं पाणी होतं आणि बुरशी धरते. म्हणून सलग प्लायऐवजी लाकडी पट्ट्या ठोका, निदान प्लायला भोकं तरी पाडा. कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरते, गोळे होतात. मी तरी सुचवणार नाही. खाली काथ्या, वर 40 डेन्सिटीचा फोम, मिळून 4-5 इंच पुरे. तयार 72 बाय 36 इंचांची गादी व्हॅनच्या गोलसर भिंतीशी नीट बसत नाही. कागदाचा साचा कापून दुकानात न्या. गादी दोन तुकड्यांत शिवून घ्या, म्हणजे खालचा कप्पा उघडता येतो. आणि हो, फक्त साचाच न्या. नौपाड्यातल्या गोखले रोडवर व्हॅन उभी करायच्या फंदात पडू नका!